आधी पोट, मग बेल्ट: स्क्वॉट-डेडलिफ्टचं तंत्र आणि साहित्य

मुंबईत जिम लावलेल्या मुलांची खरेदी बहुतेक ठरलेल्या क्रमाने होते. आधी ग्लोव्हज, मग शेकर, आणि स्क्वॉटला रॉडच्या दोन्ही बाजूंना वीस-वीसच्या प्लेट लागल्या की कमरेचा बेल्ट. बूट मात्र तेच, जे घालून रविवारी मरीन ड्राइव्हला पळायला जातात. पॉवरलिफ्टिंगच्या दृष्टीने हा क्रम जवळजवळ उलटा आहे. या खेळातली प्रत्येक वस्तू एखाद्या ठरावीक अडचणीवरचा उपाय असते. ती अडचण अजून आलीच नसेल, तर वस्तू बॅगेतलं ओझं होते, नाहीतर चुकीचं तंत्र झाकून ठेवते. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. म्हणून इथे तंत्र आणि साहित्य वेगवेगळं न सांगता, शिकताना जी अडचण जिथे येते तिथेच तिच्यावरची वस्तू सांगितली आहे.

खेळाबद्दल थोडक्यात. स्क्वॉट (रॉड पाठीवर घेऊन खाली बसून उठणं), बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून रॉड वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहणं) हे तीन प्रकार, प्रत्येकाचे तीन प्रयत्न, आणि प्रत्येक प्रकारातल्या सर्वांत जड यशस्वी प्रयत्नांची बेरीज. आयपीएफ हा पॉवरलिफ्टिंगचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९७२ पासून आहे आणि त्याच्या नियमावलीत साहित्याची मापं मिलिमीटरपर्यंत दिलेली आहेत. स्पर्धेत उतरायचं नसलं तरी ती मापं माहीत असावीत, कारण दुकानात ‘पॉवरलिफ्टिंग बेल्ट’ म्हणून काहीही गळ्यात मारलं जातं. खेळाचे दोन विभाग आहेत: क्लासिक, म्हणजे बेल्ट, नी स्लीव्ह (गुडघ्यावर चढवायची घट्ट बाही) आणि रिस्ट रॅप (मनगटाला गुंडाळायची पट्टी) एवढ्यावरच; आणि इक्विप्ड, म्हणजे वजन उचलायला मदत करणारे ताठ सूट आणि गुडघ्याला आवळायच्या लांब पट्ट्या. हा लेख क्लासिकचा आहे. इक्विप्डचं साहित्य जाणकार कोचशिवाय हातात घेऊ नये. त्यात तंत्रच बदलतं.

आधी जिमची तपासणी

वजन उचलण्याआधी ते खरंच किती आहे ते बघा. स्पर्धेचा रॉड २० किलोचा, २८ ते २९ मिमी जाडीचा, आणि प्लेट अडकवायच्या दोन्ही कडांच्या मधलं अंतर साधारण १३१ सेंमी. आपल्याकडच्या जिममध्ये रॉड पंधरा किलोचाही असतो, अठराचाही, आणि ट्रेनरला विचारलं तर तो बिनदिक्कत ‘वीस’ म्हणतो. घरी वजनकाटा असेल तर तो एक दिवस पिशवीतून न्या. रॉड हातात धरून काट्यावर उभे राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा. काम मिनिटभराचं, पण त्यानंतर वहीतले आकडे खरे होतात.

रॉडवर दोन्ही बाजूंना एकेक गुळगुळीत रेघ असते. दोन रेघांमधलं अंतर ८१ सेंमी. हात सारख्या अंतरावर ठेवायची ती खूण. जुन्या व्यायामशाळांतल्या बारीक रॉडवर ती नसते. मग मोजून चिकटपट्टी लावायची.

डेडलिफ्टसाठी प्लेटचा व्यास वजनाइतकाच महत्त्वाचा. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंमी, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंमीवर. तुमच्या जिममधली प्लेट ३५ सेंमीची असेल तर रॉड साडेसतरा सेंमीवर येतो. पाच सेंमी खाली वाकायचं म्हणजे कंबर गोल होण्याची पाच सेंमी जास्त शक्यता. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंच्या प्लेटखाली रबरी मॅटचे तुकडे किंवा आडव्या प्लेट ठेवून रॉड त्या उंचीवर आणा. नवशिक्याला तर हे हमखास लागतं, कारण पाच-दहा किलोच्या प्लेट सगळीकडेच लहान असतात. गोल नसलेल्या, कोन असलेल्या प्लेट टाळता आल्या तर टाळा. जमिनीवर ठेवताना त्या कोनावर कलंडतात आणि रॉड पुढे सरकतो.

रॅकला, म्हणजे रॉड ठेवायच्या उभ्या चौकटीला, सेफ्टी पिन (वजन अडकलं तर रॉड झेलणाऱ्या आडव्या दांड्या) आहेत का, हे नाव नोंदवण्याआधी बघा. स्मिथ मशीनवर रॉड ठरलेल्या रुळांवरूनच फिरतो. त्यावर तोल सांभाळायची सवय लागत नाही, त्यामुळे स्क्वॉट शिकायला ते कामाचं नाही.

उकिडवे बसून बघा

पहिली परीक्षा घरीच द्यायची. अनवाणी, पाय खांद्याएवढे फाकवून उकिडवे बसा, टाचा जमिनीला टेकलेल्या. एक मिनिट आरामात बसता आलं, तर तुमचे घोटे आणि खुबे स्क्वॉटला तयार आहेत. आजी अजूनही अशी बसून भाजी निवडते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या नातवाच्या टाचा मात्र उचलल्या जातात किंवा तो मागे कलंडतो.

टाचा उचलल्या जातात त्यांच्यासाठी दोन वाटा. एक, रोज पाच मिनिटं असंच बसायचं, हवं तर दाराची चौकट धरून. दोन, स्क्वॉटचे खास बूट. त्यांची टाच कडक असते आणि साधारण दीड ते दोन सेंमी उंच. टाच उंचावली की गुडघा पुढे जायला जागा मिळते आणि धड सरळ राहतं. माझ्या मते दोन्ही करावं, पण बूट दोनेक महिन्यांनी घ्यावेत, कारण बऱ्याच जणांचे घोटे तेवढ्यात सैल होतात आणि खर्च वाचतो.

तालमीत बैठका मारून आलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे पाय दमदार असतात, पण बैठकीत खाली जाताना टाचा उचलायची आणि चवड्यावर तोल घ्यायची सवय असते. पाठीवर रॉड असताना तीच सवय गुडघ्यावर येते. त्यांनी रिकाम्या रॉडने, टाच रोवून, सावकाश स्क्वॉट मारण्यात पहिले काही आठवडे घालवावेत.

पळायचे बूट स्क्वॉटलाही नकोत आणि डेडलिफ्टलाही. त्यांचा तळ फोमचा, वजनाखाली दबणारा, आणि तोही दोन्ही पायांत सारखा दबत नाही. सुरुवातीला शाळेतले पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट उत्तम: तळ सपाट, पातळ, दबत नाही. धोबी तलावाला मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं आहेत, मरीन लाइन्स स्टेशनवरून चालत जाता येतं. तिथे कबड्डीचे किंवा कुस्तीचे बूट बघा. दोन्हींचा तळ पातळ आणि पकड चांगली, आणि डेडलिफ्टला तर ते परदेशी खास बुटांच्या तोडीचे. जो काही जोड घ्याल तो जिममध्येच घाला. पावसात प्लॅटफॉर्मवरून चालवून आणलेला तळ रबरी मॅटवर सटकतो.

स्क्वॉट

रॉड रॅकवर छातीच्या मध्याच्या किंचित खाली ठेवा, गुडघे जरासे वाकवून तो खांद्यावर घेता येईल असा. चवड्यावर उभं राहून काढावा लागला तर रॉड फार उंच आहे, आणि सेट संपल्यावर दमलेल्या पायांनी परत ठेवताना ते कळतं. सेफ्टी पिन तुमच्या सर्वांत खालच्या स्थितीपेक्षा दोन-तीन बोटं खाली लावा. रिकाम्या रॉडने एकदा खाली बसून खात्री करा.

हात रेघेपासून सारख्या अंतरावर. जेवढे जवळ घेता येतील तेवढे घ्या, पण खांदा किंवा कोपर दुखेल इतके नाही. हात जवळ आले की पाठीचा वरचा भाग आवळतो आणि रॉडला बसायला मांसाची पाटी तयार होते. रॉड ठेवायच्या जागा दोन. हाय बार म्हणजे मानेच्या मणक्याखाली, खांद्याच्या वरच्या स्नायूंवर. लो बार म्हणजे त्याहून दोन-तीन बोटं खाली, खांद्याच्या पात्यांवरच्या कडेला. लो बारने बहुतेकांचं वजन जास्त उठतं, म्हणून स्पर्धेत तोच अधिक दिसतो. पण त्याला खांदे लवचिक लागतात आणि धड पुढे झुकतं. पहिले काही महिने हाय बारच करा. मानेला टोचतो म्हणून रॉडला फोमची नळी लावायची पद्धत बंद करा. तिच्यामुळे रॉड हलतो, आणि टोचतो तो हाडावर ठेवल्यामुळे, मांसावर नाही.

आता श्वास. इथे थोडं थांबूया, कारण पुढचा सगळा लेख यावर उभा आहे. जमिनीवर उताणे झोपा, गुडघे वर, दोन्ही हातांची बोटं कमरेच्या बाजूंना, बरगड्या आणि खुब्याचं हाड यांच्या मधल्या मऊ जागेत. नाकाने श्वास असा घ्या की छाती न फुगता पोट, कुशी आणि पाठ अशा सगळ्या बाजूंनी बोटं बाहेर ढकलली जातील. मग खोकण्याआधी पोट जसं आपोआप कडक होतं तसं ते कडक करा आणि श्वास धरून ठेवा. हे झोपून जमलं की उभ्याने, मग रिकामा रॉड पाठीवर घेऊन. पोटातला हा दाब पाठीच्या कण्याला आतून आधार देतो. तो जमला नाही तर कितीही महागडा बेल्ट बांधा, तो फक्त पँट धरून ठेवेल. उच्च रक्तदाब, हर्निया किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी श्वास असा कोंडायचा की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारावं. श्वास धरल्यावर रक्तदाब काही क्षण खूप वर जातो.

श्वास धरा, दोन्ही पाय रॉडच्या बरोबर खाली आणून उभे राहा, रॉड उचलला गेला की क्षणभर थांबा. मग दोन किंवा तीन पावलं मागे. चार-पाच पावलांचा दौरा करू नका, परतीचा प्रवासही तेवढाच असतो. पाय खांद्याएवढे किंवा थोडे जास्त फाकलेले, बोटं १५ ते ३० अंश बाहेर. टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ या तीन ठिकाणी वजन जाणवलं पाहिजे.

नवा श्वास घ्या, पोट कडक करा, आणि खुबे व गुडघे एकाच वेळी मोडत खाली जा. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने जाऊ द्या. गुडघा बोटांच्या पुढे जाऊ नये असं ट्रेनर सांगतात, पण उंच माणसाच्या लांब मांडीला ते जमत नाही, आणि पाय जमिनीवर घट्ट असला तर निरोगी गुडघ्याला त्याने काही होत नाही. किती खाली? नियम असा: खुब्याच्या सांध्यापाशी मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेला पाहिजे. आरशात हे कळत नाही. मोबाइल बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, बाकड्यावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवा आणि व्हिडिओ घ्या. वरून घेतलेल्या व्हिडिओत प्रत्येक स्क्वॉट कमी खोल दिसतो आणि खालून घेतलेल्यात प्रत्येकच पास होतो.

वर येताना खांदे आणि कुल्ले एकदमच उठले पाहिजेत. कुल्ले आधी वर गेले आणि छाती मागे राहिली, तर सगळा भार कमरेवर येतो. कारण बहुधा दोनपैकी एक: वजन जास्त आहे किंवा पोट वाटेत सैल पडलं. गुडघे आत पडत असतील तर वजन कमी करा आणि तळपायाने जमीन बाहेरच्या दिशेने फाकवायचा प्रयत्न करा. सगळ्यांत खाली कंबर आत वळत असेल तर पाय थोडे फाकवून बघा. तरीही वळली, तर ती वळते त्याच्या बोटभर वर थांबायला शिका आणि उकिडवे बसण्याचा सराव चालू ठेवा.

वजन अडकलं तर पिनवर बसा. गर्दीच्या जिममध्ये रॉड मागे टाकू नका, मागे कोणीतरी सेल्फी काढत उभं असतं. सपोर्ट देणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: तुझे हात माझ्या छातीभोवती असू दे, रॉडला नको, आणि मी बोलल्याशिवाय हात लावू नको. दर रेपला, म्हणजे प्रत्येक खाली-वरला, बोट लावणाऱ्या मित्रामुळे तुम्हाला आपली खरी ताकद कधीच कळत नाही.

बेल्ट

बेल्टशिवाय पाच रेप सलग, पोट न सोडता निघत असतील तर तुम्ही बेल्टला तयार आहात. बेल्ट कण्याला बाहेरून धरून ठेवत नाही. तो पोटाला ढकलायला भिंत देतो. त्या भिंतीवर पोट दाबलं की आतला दाब वाढतो.

म्हणूनच बेल्टची पुढची बाजू पाठीएवढीच रुंद हवी. आपल्या जिममध्ये सर्रास दिसणारा, मागे रुंद आणि पुढे निमुळता होणारा बेल्ट नेमक्या जागी कमी पडतो. आयपीएफच्या नियमाप्रमाणे रुंदी जास्तीत जास्त १० सेंमी आणि जाडी जास्तीत जास्त १३ मिमी. माझी शिफारस १० मिमी जाडीची. बुटक्या किंवा आखूड धडाच्या माणसाला १३ मिमीचा बेल्ट बरगडीत घुसतो. धारावीत चामड्याचं काम चांगलं होतं, पण तिथल्या दुकानांत टांगलेले पँटचे बेल्ट आणि जाकिटांचं मऊ चामडं या कामाचं नव्हे. करून घ्यायचाच असेल तर जाड, कडक चामड्याचे थर शिवून घ्या, आणि तो सरावापुरताच समजा. मोठ्या स्पर्धांत आयपीएफच्या मान्य यादीतलं साहित्य लागतं, त्यात एसबीडी, इंझर, टायटन अशा कंपन्या आहेत.

बकल की लिव्हर? एका काट्याच्या बकलला भोकं बदलणं सोपं. लिव्हर एका झटक्यात लागतो आणि सुटतो, पण माप बदलायचं तर स्क्रूड्रायव्हर काढावा लागतो. गणपतीत दहा दिवस मोदक खाल्ले की याचा अनुभव येतो. वजन महिन्यागणिक वरखाली होत असेल तर बकलच घ्या.

माप बेंबीच्या रेषेवर टेपने घ्या. पँटचा नंबर सांगू नका, तो बराच कमी असतो. बांधायची जागा बरगड्या आणि खुब्याच्या हाडाच्या मधली. डेडलिफ्टला बोटभर वर, म्हणजे वाकताना मांडीला टोचत नाही. सैल उभे असताना बेल्ट आणि पोट यांत एक बोट कसंबसं जाईल इतका आवळा. श्वास घेतल्यावर ते बोट अडकलं पाहिजे. श्वास घ्यायलाच जागा उरली नाही तर बेल्ट उलट काम करतो. वॉर्मअपचे सेट बेल्टशिवाय, शेवटचे जड सेट बेल्टवर. नवा बेल्ट पत्र्यासारखा ताठ असतो. रोज दोन्ही बाजूंनी गुंडाळून ठेवा, काही आठवड्यांत नमतो.

नी स्लीव्ह आणि रिस्ट रॅप

नी स्लीव्ह निओप्रीन या ताणणाऱ्या रबराची असते, जास्तीत जास्त ७ मिमी जाड आणि ३० सेंमी लांब. ती गुडघा गरम ठेवते आणि खाली बसल्यावर थोडा दाब देते. दुखरा गुडघा बरा करत नाही. सरावाला ५ मिमीची पुरे. कंपनीचा तक्ता बघून सांगितलेल्या जागी पायाचा घेर मोजा. एक माप लहान घेऊन ती चढवण्यात अर्धा तास घालवायचा शौक स्पर्धेपुरता ठेवा.

रिस्ट रॅप जास्तीत जास्त १ मीटर लांब. लो बारमध्ये मनगट मागे मुडत असेल तर आधी पकड बदलून बघा, मग रॅप. बांधून झाल्यावर अंगठ्यातली दोरी काढून टाकायची. उचलताना ती अंगठ्यात राहिलेली नियमात चालत नाही.

डेडलिफ्ट

ऑफिसमध्ये आठ तास खुर्चीत आणि नंतर विरार लोकलमध्ये तासभर उभं राहून आलात की लगेच रॉडला हात लावू नका. दहा मिनिटं चालणं, खुब्याच्या हालचाली, मग रिकामा रॉड. उसण भरते ती बहुतेक थंड अंगाने घाईत उचलल्यावर.

डेडलिफ्टचे दोन प्रकार. कन्व्हेन्शनल, म्हणजे पाय खुब्याएवढे आणि हात पायांच्या बाहेर. सुमो, म्हणजे पाय खूप फाकलेले आणि हात आत. दोन्ही नियमात बसतात आणि सुमो म्हणजे फसवणूक असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. पण सुरुवात कन्व्हेन्शनलने करा. कमरेतून वाकायची मूळ हालचाल त्यात नीट शिकता येते.

रॉड पायाच्या मध्यावर, नडगीपासून दोन-तीन सेंमीवर. रॉडपासून लांब उभं राहणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. मग रॉड पुढे लटकतो आणि कमरेला तो ओढून आणावा लागतो. आता गुडघे न वाकवता, कुल्ले मागे नेत खाली वाका आणि रॉड पकडा. रॉड हलवू नका. नडगी रॉडला लागेपर्यंत गुडघे पुढे आणा. मग छाती वर काढा, पाठ आपोआप सरळ होईल. खांदे रॉडच्या किंचित पुढे असतील आणि कुल्ले स्क्वॉटपेक्षा बरेच वर. तसेच असायला हवेत. कुल्ले खाली बसवून डेडलिफ्टचा स्क्वॉट करायला गेलात तर उचलताना ते आधी वर उडतात आणि सगळी तयारी वाया जाते.

बगल आवळा. गाडीत गर्दीत घडी केलेला पेपर बगलेत दाबून धरतो तशी. त्याने रॉड पायाला चिकटून राहतो. मग पोटात श्वास, पोट कडक, आणि हिसका न देता रॉडला वरच्या दिशेने हळूच ताण द्या. प्लेटच्या भोकात रॉड वर टेकल्याचा ‘टक्’ आवाज येईल. तो आला की रॉडमधली ढील संपली. आता पायांनी जमीन खाली ढकला. हाताने ओढायचं नाही, कोपर शेवटपर्यंत सरळ. रॉड नडगीवरून, गुडघ्यावरून, मांडीवरून घासत वर येतो, म्हणून लांब पँट किंवा लांब मोजे लागतात.

गुडघ्याच्या वर आला की कुल्ले पुढे ढकला आणि सरळ उभे राहा. मागे झुकायचं काही कारण नाही, कंबर तिथेच दुखावते. मांडीवर रॉड टेकवून गुडघ्याने झटके देत वर नेला तर स्पर्धेत लाल दिवा लागतो, म्हणजे पंच तो बाद धरतात. खाली ठेवताना आधी कुल्ले मागे, रॉड गुडघ्याखाली गेला की मग गुडघे वाकवा. पहिल्या मजल्यावरच्या जिममध्ये रॉड आपटू नका, खालच्या सोसायटीची तक्रार आली की मालक पहिली बंदी डेडलिफ्टवरच आणतो.

सेटमधली प्रत्येक रेप जमिनीवर पूर्ण थांबवून, नवा श्वास घेऊन मारा. प्लेट आपटून उसळी घेत मारलेल्या रेपचा आकडा वहीत फुगतो, ताकदीत नाही.

पकड आणि चॉक

दोन्ही तळवे आपल्याकडे, ही पकड जितकी वाढवता येईल तितकी वाढवा. वॉर्मअपचे सगळे सेट याच पकडीने. पुढे एक तळवा बाहेर, एक आत अशी मिश्र पकड. तीत पुढे वळलेल्या हाताचा बायसेप ताणाखाली असतो, म्हणून तो कोपर किंचितही वाकवायचा नाही. तिसरी हुक ग्रिप: अंगठा रॉडला लावून त्यावर बोटं आवळायची. अंगठा पहिले काही आठवडे चांगलाच दुखतो, पण दोन्ही हात सारखे राहतात. स्ट्रॅप, म्हणजे मनगट रॉडला बांधणारे पट्टे, स्पर्धेत चालत नाहीत. सरावात जास्त रेपच्या सेटला वापरा, जड एकट्या रेपला नको. ग्लोव्हज काढून टाका, ते रॉड जाड करतात आणि पकड कमी.

मे महिन्यात तळव्याला घाम असतो, जूनपासून हवेतच पाणी. म्हणून चॉक, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. एसी जिममध्ये भुकटीवर बहुतेक बंदी असते. तिथे लिक्विड चॉक न्या, अल्कोहोल उडून जातं आणि हातावर पातळ थर राहतो. टाल्कम पावडर हाताला कधीही नाही. ती मांडीच्या पुढच्या भागाला लावतात, रॉड सरकावा म्हणून, आणि ती लावून देणारा दुसरा असावा.

वजन कधी वाढवायचं

स्क्वॉट आठवड्यातून दोनदा, डेडलिफ्ट एकदा, तीन सेट पाच रेपचे. सगळ्या रेप नीट झाल्या तर पुढच्या वेळी अडीच किलो. त्यासाठी सव्वा किलोच्या दोन प्लेट लागतात आणि त्या बहुतेक जिममध्ये नसतात. आपली जोडी विकत घ्या, बेल्टपेक्षाही आधी. शंभर किलोपर्यंत जायचं असेल तर वॉर्मअप साधारण असा: २० किलोला दहा, ४० ला पाच, ६० ला तीन, ८० ला दोन, ९० ला एक.

पावसाळ्यात साहित्य

चामड्याचा बेल्ट घामट बॅगेत ठेवला तर जुलैत त्यावर बुरशी येणारच. घरी आल्यावर कोरड्या कपड्याने पुसून पंख्याखाली टांगा. उन्हात नको, चामडं तडकतं. नी स्लीव्ह थंड पाण्यात, हाताने, साध्या साबणाने धुवून सावलीत वाळवा. मशीन आणि गरम पाणी निओप्रीनला सोसत नाही. दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून नियमित सराव असेल तर दोन जोड्या. चॉक घट्ट झाकणाच्या डब्यात.

स्पर्धेत उतरायचं असेल तर

जिल्हा पातळीपासून सुरुवात होते. जाण्याआधी आयोजकांकडून नियमावली मागवा आणि सिंगलेट (स्पर्धेचा अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख), बेल्ट, स्लीव्ह चालतील ना याची खात्री करा. डेडलिफ्टला नडगी झाकणारे लांब मोजे सक्तीचे. फुटबॉलचे चालतात, पण नी स्लीव्हला टेकता कामा नयेत. बूट लागतातच, अनवाणी चालत नाही. सिंगलेटच्या आत मांडीपर्यंतची बॉक्सर नको, साधी ब्रीफ.

तीन पंच असतात, दोन पांढरे दिवे लागले की प्रयत्न यशस्वी. नाव पुकारून रॉड तयार झाल्यावर सुरुवात करायला एक मिनिट. स्क्वॉटला रॉड घेऊन, गुडघे ताठ करून स्थिर उभे राहिलात की मुख्य पंच ‘स्क्वॉट’ म्हणतो, आणि वर येऊन स्थिर झालात की ‘रॅक’. डेडलिफ्टला सुरुवातीची आज्ञा नाही, फक्त वर गेल्यावर ‘डाउन’. ती मिळण्याआधी रॉड खाली नेला, किंवा मिळाल्यावर हातातून सोडून दिला, तर उचललेलं वजन वाया. म्हणून शेवटचे तीन-चार आठवडे मित्राला आज्ञा द्यायला उभं करा, आणि त्याला मुद्दाम उशीर करायला सांगा.

पहिला प्रयत्न असा निवडा, की झोप अपुरी झाली असताना, प्रवासाचा शीण असतानाही त्याच्या तीन रेप निघतील. दुसरा त्याहून पाच ते दहा किलो वर. तिसऱ्याचा आकडा आदल्या रात्री ठरवू नका. दुसरा रॉड कसा उठला ते बघून, दिलेल्या एका मिनिटात प्रयत्नांची नोंद घेणाऱ्या टेबलावर कळवा. नाही कळवलात तर दुसरा यशस्वी झाल्यास टेबलवाले अडीच किलो वाढवून पुढे जातात.